अर्ध्या नावाचं अलाउन्स

सन दोन हजार चोवीस. माझं वय त्र्याहत्तर. राहायला नागपूर, इंदोऱ्याच्या मागची वस्ती.

सगळ्यांना जय भीम आणि नमस्कार. या ग्रुपवर लोक चकवा लिहितात, हडळ लिहितात, घाटातली बाई लिहितात... सून मला वाचून दाखवायची आणि मी हसायचो. आधीच सांगून ठेवतो, मी यातलं काही मानत नाही. छप्पन साली बापानं मला खांद्यावर बसवून दीक्षाभूमीवर नेलं होतं, तेव्हा मी पाच वर्षांचा. घरी आल्यावर त्यानं देवांचा कोनाडा रिकामा केला आणि आम्हा भावंडांना ओळीनं उभं करून म्हणाला, "आजपासून या घरात कोणी कोणाले भ्यायचं नाही. ना देवाले, ना भुताले, ना पाटलाले." त्याचा शब्द मी पाळला. ही एक गोष्ट सोडून.

मी चौथी शिकलो. लिहायला वेळ लागतो, वेलांट्या चुकतात. पानांचे फोटो काढून सुनेला पुण्याला पाठवतो, ती टाइप करते. म्हणते, "बाबा, एवढा त्रास कशाला? बोलून पाठवा ना, व्हॉइस मेसेज." मी बोलून पाठवत नाही. काहून, ते पुढं कळेल. तिला सांगून ठेवलं आहे — वेलांट्या सुधार, शब्द एक बदलायचा नाही.

माझा धंदा भोंग्याचा. ऑटोच्या टपावर दोन भोंगे, सीटखाली बॅटरी आणि मशीन, हातात माइक. सिनेमा, साड्यांचा सेल, पोलिओचा डोस, सभा, हरवलेलं पोट्टं, हरवलेली बकरी... सगळ्यांचं अलाउन्स, म्हणजे भोंग्यावरून पुकारा, मी केला. स्वतःच्या तोंडानं सांगू नये, पण सांगतो. कामठी रोडवरून बाजूनं ट्रक जात असला तरी माझा शब्द फुटत नसे. लोक म्हणत, सुदाम मेश्राम बोलला म्हणजे सरकार बोललं.

आणि मयत. आमच्याकडे माणूस गेला की नातेवाइकांना फोन जातात, पण वस्तीला खरं वाटतं ते भोंगा फिरल्यावर. "कळविण्यास अत्यंत दुःख होते की..." एवढं ऐकू आलं की नळावरच्या बाया बादली खाली ठेवतात. भोंगा फिरला म्हणजे माणूस गेला, त्यावर वाद नाही. इतक्या वर्षांत माझं एक मयताचं अलाउन्स खोटं पडलं नाही. एकदा एका घरच्यांनी घाईत मला बोलावलं, म्हातारा अजून धुगधुगत होता. मी ऑटो सुरू केला नाही. म्हटलं, आधी होऊ द्या.

हे काम मी मोमिनपुऱ्याच्या उस्तादांकडे शिकलो. त्यांचं लाउडस्पीकरचं दुकान होतं. बाकी कशालाही ते हरकत घेत नसत, पण मयताच्या बाबतीत नियम कडक. नाव घरच्या माणसाच्या तोंडून घ्यायचं, समोर उभं राहून. नाव पुरं घ्यायचं — स्वतःचं, बापाचं किंवा नवऱ्याचं, आडनाव. आणि मयताचं अलाउन्स टेपमध्ये भरायचं नाही, दर फेरीला तोंडानंच करायचं. सेलची टेप लावून तुम्ही खुशाल चहा प्या, मयताची नाही. कारण विचारलं तर एवढंच म्हणायचे, "आधा नाम भटकता है, सुदाम. और टेप को मालूम नहीं होता कब चुप होना है."

कारण मी माझ्या डोक्यानं लावून घेतलं. एका गल्लीत तीन शांताबाई असतात, म्हणून पुरं नाव. टेप चुकून दुसऱ्या दिवशी वाजली तर घरच्यांच्या काळजात चर्र होईल, म्हणून टेप नाही. साधी गोष्ट. यात भुताचं काय?

तर यंदा पंकज घरी आला. पंकज आमच्याच वस्तीतला, बाहेरून शूटिंगवाले आले की त्यांना जागा, जेवण, माणसं बघून देतो. म्हणाला, "काकाजी, मुंबईची एक मोठी फायनान्स कंपनी आहे. फिल्म काढून राहिले. तुमचा ऑटो पायजे, तुमचा आवाज पायजे, अन् तुम्ही पण पायजे."

"जाहिरात म्हण ना बे. फिल्म काय म्हणतो?"

"जाहिरात नाही, ब्रँड फिल्म. सिनेमासारखीच असते. फक्त शेवटी हिरोइनच्या ठिकाणी कंपनीचं नाव येते."

माझी बायको कौसल्या तुरीची डाळ निवडत होती, ती खुदकन हसली. "यायले हिरो केलं तर मी तिकीट काढून येईन वो."

दोन दिवसांनी मंडळी आली. डायरेक्टर एक बाई होती, इरा मॅडम, तिशीची असेल, बोलायला गोड. कंपनीचे एक साहेब, निळा शर्ट, सारखे फोनवर. आणि एक आवाज भरणारा बंगाली माणूस, सुब्रतो, डोक्यावर हेडफोन. मॅडमनी गोष्ट समजावली. सकाळची गल्ली. भोंग्याचा ऑटो येतो. न्हाव्याचा वस्तरा थांबतो, नळावरच्या बाया थांबतात. एक आई गेली आहे. तिचा मुलगा दूर शहरात. आई गेल्यावर त्याला कळतं की आईनं सगळी व्यवस्था कंपनीकडे करून ठेवली होती. मग पडद्यावर शब्द येतात — 'तुमच्यानंतरही, तुमचा आवाज.'

"छान आहे," मी म्हटलं. "बाईचं नाव काय?"

"शारदाबाई," मॅडम म्हणाल्या.

"शारदाबाई कोण?"

"नुसतं शारदाबाई, काका."

मी म्हटलं, नुसतं नाव मी घेत नाही. पुरं सांगा. तेव्हा निळ्या शर्टाच्या साहेबांनी पहिल्यांदा फोन कानावरून काढला. "सरनेम नको. सरनेमवरून कम्युनिटी कळते. आमचा कस्टमर सगळ्या कम्युनिटीतला आहे. कोणाला वाटता कामा नये की ही फिल्म त्यांची नाही."

"जितेपणी कळते ते कळतेच, साहेब," मी म्हटलं. "मेल्यावर तरी कळू द्या."

पंकजनं माझ्या पायाला चिमटा काढला. साहेब हसले नाहीत. लीगलनं पास केलं आहे म्हणाले, शारदाबाईच.

वस्तीत शारदाबाई कोणी आहे का, ते मी मनातल्या मनात घर-घर फिरून बघितलं. नव्हती. म्हटलं ठीक, कोणाचं नाव नाही म्हणजे कोणाचं वाईट नाही. इथंच मी फसलो असेन. कोणाचंच नसलेलं नाव म्हणजे रिकामं भांडं, ते कोणाच्या तरी दारी जाऊन लागणार — हे तेव्हा सुचलं नाही.

मग सुब्रतोनं माइक काढला. मॅडम म्हणाल्या, आवाज आधी भरून घेऊ, म्हणजे दर वेळी एकसारखा येईल. मी म्हटलं, मयताचं मी भरत नाही. गल्लीत जितक्या वेळा पायजे तितक्या वेळा तोंडानं करतो. मॅडमनी समजावलं, मी नाहीच म्हटलं. पंकजनं हात जोडले, तरी नाही. मग मॅडम अगदी शांतपणे म्हणाल्या, "काही हरकत नाही, काका. त्रास नका घेऊ. तुमचं आतापर्यंतचं बोलणं रेकॉर्ड झालंय, मुंबईला एआयवर तुमचा आवाज काढून घेऊ. अगदी सेम येतो."

बस. माझा आवाज, आणि मशीन काढणार?

"आणा तो माइक," मी म्हटलं.

कौसल्या दारातून म्हणाली, "अवो, उस्ताद काय सांगत होते?"

"उस्ताद टेपच्या जमान्यातले. ही टेप नाही, पेनड्राइव्ह आहे."

"असं का," ती म्हणाली. "मंग पेनड्राइव्हले तरी मालूम राहते का, कवा चूप बसायचं?"

माझ्या सवयीप्रमाणे माइकवर दोनदा फुंकलं — फू, फू — आणि एका दमात अलाउन्स भरून दिलं. सुब्रतोनं हेडफोनमधूनच अंगठा वर केला. खोटं कशाला बोलू, त्या वेळी छाती फुगली होती.

दुसऱ्या दिवशी गल्लीत शूटिंग. पंकजनं घरोघर सांगून ठेवलं होतं की खरं कोणी गेलेलं नाही. पेनड्राइव्ह माझ्या ऑटोच्या मशीनला लावला. मी नुसता ऑटो चालवायचा, माइक ओठाशी धरायचा, बोलायचं नाही. भोंग्यातून माझाच आवाज येणार. ते मला विचित्र लागत होतं. आपण गप्प आणि आपला आवाज डोक्यावर.

पहिल्या फेऱ्या बरोबर गेल्या. "...की श्रीमती शारदाबाई यांचे आज सकाळी दुःखद निधन झाले आहे. त्यांची अंत्ययात्रा राहत्या घरून निघेल." मॅडमचं समाधान होईना. न्हावी नाटकी थांबतो, बाया कॅमेऱ्याकडे बघतात. पुन्हा, पुन्हा. ऊन चढलं. मी कंटाळून माइक आकड्याला अडकवून टाकला आणि म्हटलं, आता हातात न धरताच चालवतो, कोणाला दिसत नाही.

ऑटो आमच्या घरासमोर आला तेव्हा भोंगा म्हणाला —

"कळविण्यास अत्यंत दुःख होते की श्रीमती कौसल्याबाई सुदाम मेश्राम यांचे दुःखद निधन झाले आहे. त्यांची अंत्ययात्रा राहत्या घरून निघेल."

माझा आवाज. पुरं नाव. जसं उस्तादांनी शिकवलं तसं, आडनावापाशी जरा थांबून.

मी ब्रेक मारला. न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्याशी थांबला तो थांबलाच. नळाखाली बादली भरून वाहत होती, कोणी बंद करेना. सगळी गल्ली आमच्या दाराकडे बघत होती. आणि मागून मॅडमचा आनंदानं फुटलेला आवाज आला, "कट! काय एक्स्प्रेशन दिलंत सगळ्यांनी! हेच पाहिजे होतं!"

त्यांच्या कानात हेडफोन होता. हेडफोनमध्ये शारदाबाईच ऐकू आलं होतं.

कौसल्या दारात सूप घेऊन उभी होती. तीच पहिली बोलली. "काहून वो, मले कुठी धाडून राहिले? सकाळी चहात साखर कमी होती म्हणून का?"

गल्ली हसली. सुटल्यासारखी हसली. मीही हसलो असेन. पण तिनं हसता हसता सूप खाली ठेवलं आणि दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली. बराच वेळ.

सुब्रतोनं पेनड्राइव्ह तपासला. शारदाबाई. लॅपटॉपवर शारदाबाई. माझ्याच भोंग्यावर लावून बघितलं, शारदाबाई. मॅडमनी मला बाजूला घेतलं. "काका, तुम्ही गमतीत बोललात का माइकवर? रागावणार नाही मी." माझ्या तोंडून असली गंमत! पण माइक आकड्यालाच अडकवलेला होता, हे न्हाव्यानं पाहिलं होतं, त्यानं तसं सांगितलं. शूटिंग आवरलं.

माणसं यायला लागली ती त्या दिवशीच्या सांजेपासून.

पहिला मोरेश्वर आला, मंडपवाला. हातगाडीवर बांबू, पांढरं कापड, मेणबत्त्या. दारात कौसल्या दिसली तसा तो हातगाडी सोडून मागं सरला. बांबू गडगडत खाली आले.

"कोणी सांगितलं बे तुले?" मी ओरडलो.

"तुम्हीच ना, काकाजी! दुकानाच्या फोनवर. म्हणले, मोऱ्या, बांबू सरळ आणजो, मागच्या टायमासारखे वाकडे नको."

मागच्या मयताला त्याचे बांबू वाकडे निघाले होते. मी त्याला कोपऱ्यात घेऊन झापलं होतं, चारचौघांत त्याची लाज जाऊ नये म्हणून. ते त्याला माहीत आणि मला माहीत. आणि दुपारपासून मी कोणाला फोन केला नव्हता, माझा मोबाइल चार्जिंगला पडला होता.

कौसल्यानं त्याला पाणी दिलं. "भिऊ नको गा, मोऱ्या. मीच आहो." पण त्यानं ग्लास घेतला तेव्हा त्याची बोटं तिच्या बोटांना लागली आणि तो दचकला. म्हणाला, "काकू, हात किती गार आहे तुमचा."

मग विहारातले भन्तेजी आले. म्हातारा शांत माणूस, उगाच बोलणारा नाही. त्यांना विहाराच्या भोंग्यावरून कळलं होतं. "विहारात मी एकटाच होतो," ते म्हणाले. "मशीन बंद होती. आवाज तुमचा होता." ते कौसल्यासमोर बसून राहिले. रक्षणाचा परित्राण पाठ म्हणू का, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "कोणासाठी, भन्तेजी? मेल्यासाठी का जित्यासाठी?" त्यांनी डोळे मिटले आणि जित्यासाठीच म्हटला. माझा विश्वास मंत्रावर नाही, पण त्यांच्या घोगऱ्या आवाजानं घर जरा भरल्यासारखं झालं.

शेवटी माझा साळा यशवंत आला, कामठीहून, मोटरसायकलवर, रडत. आल्या आल्या बहिणीला बघून जमिनीवर बसला. मग उठून माझ्या अंगावर आला. "भाटवे, अशी मजाक करते का कोणी? माही माय समान बहीण हाय ते!"

"तुला कोणी फोन केला?"

"फोन कायचा? तुमचा ऑटो आला ना गल्लीत! ऑटो नाही दिसला, आवाज आयकला. कोपऱ्यावरून गेला. सगळ्या गल्लीनं आयकला, विचारा कोणालेही."

कामठी म्हणजे इथून लांब. माझा ऑटो दारातच उभा होता.

एकेक माणूस आला तसं कौसल्याचं एकेक काही जात राहिलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मोरेश्वर आला तेव्हा हसणं गेलं. भन्तेजींनंतर तिनं चहा घेतला नाही. यशवंत येऊन रडला तेव्हा ती भिंतीला टेकून बसली ती उठेचना. पाय उचलत नाही म्हणाली. डॉक्टर आले, बीपी लो आहे म्हणाले, गोळी देऊन गेले. मी तिचे तळवे घासत होतो. जमिनीसारखे गार.

"काय होऊन राहिलं वं तुले?"

ती हळूच म्हणाली, "तुमचा भोंगा कवा खोटा पडला का?"

मी तळवे घासत राहिलो.

"जिंदगीभर तुम्हीच सांगत आले. सुदाम मेश्रामचा भोंगा खोटा पडत नाही. आता समदे म्हणून राहिले का मी गेली. तुमचाच आवाज म्हणून राहिला. तं मंग मी एकटीनंच काहून नाही म्हणू?"

त्र्याहत्तर वर्षांत असं कोणी मला बोललं नव्हतं.

मी पंकजला फोन केला. तोंडातून आवाज काढायचीही भीती वाटली, म्हणून दोन शब्दांत बोललो — मॅडमला आण. मॅडम आल्या. त्यांनी कौसल्याचा हात हातात घेतला आणि चटकन सोडला. मग काही न विचारता लॅपटॉप उघडला. पेनड्राइव्हमधून, लॅपटॉपमधून, अजून कुठं कुठं होतं तिथून, सगळीकडून माझा आवाज पुसला. मधे कंपनीच्या साहेबांचा फोन आला, मी बाजूलाच होतो, ते ओरडत होते की तो आवाज म्हणजे फिल्मची जान आहे. मॅडम म्हणाल्या, "सर, जान इथे आहे," आणि फोन ठेवला. त्या पोरीला मी त्या एका वाक्यासाठी मानतो.

"झालं, काका. आता कुठेच नाही."

तेवढ्यात बाहेर ऑटोच्या टपावर भोंगा वाजला.

फू. फू.

अलाउन्सच्या आधी मी फुंकतो तसं. मशीनची चावी माझ्या खिशात होती. मी जाऊन बॅटरीची वायर उपटली. यशवंत माझ्यासोबत होता, त्यानंही ऐकलं, तो शपथ घेऊन सांगेल. भोंग्याच्या तोंडावर हात ठेवला तर आतून वारा लागत होता. कोमट. माणसाच्या तोंडाचा असतो तसा.

आता तुम्ही म्हणाल, हे एआय. सूनही तेच म्हणते, आजकाल कोणाचाही आवाज काढून कोणालाही फोन करतात. असेल. पण वाकड्या बांबूचं एआयला कोणी सांगितलं? कामठीच्या कोपऱ्यावरून काय गेलं? वायर उपटलेला भोंगा श्वास कसा घेईल? मॅडम नंतर पण निरोप पाठवतात, टाइप करून पाठवतात, बोलत नाहीत. त्यांच्याकडेही उत्तर नाही. कंपनीनं ती फिल्म दुसऱ्या गावी, दुसऱ्या माणसाला घेऊन केली म्हणे. मी पाहिली नाही. भन्तेजी म्हणतात, प्रत्येक गोष्टीला कारण असतं, आपल्याला दिसेलच असं नाही. मी अजूनही भूत मानत नाही. पण काय मानू, तेही कोणी सांगत नाही. कौसल्याला विचारलं तर म्हणते, "मले काय विचारता? ज्याचा आवाज त्याले विचारा."

आता दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं सांगतो आणि थांबतो.

रात्रभर मी तिच्या उशाशी होतो. उजाडताना बॅटरीची वायर जोडली आणि आत येऊन म्हटलं, "ऊठ. चाल."

"कुठी?"

"फेरीले."

"मेलेल्या माणसाले कोणी फेरीले नेते का?"

"म्हणूनच नेतो."

यशवंतनं आणि मी तिला धरून ऑटोत मागच्या सीटवर बसवलं. त्याआधी तिनं एक हट्ट केला — अंगावरची पांढऱ्या बुट्ट्यांची साडी नको, निळी पायजे. नेसायला वेळ लागला. मी दारात उभा राहिलो. तिला हट्ट सुचला याचंच मला बरं वाटलं.

माइक हातात घेतला आणि मागं वळून म्हटलं, "नाव सांग."

"तुम्हाले मालूम नाही का?"

"घरच्या माणसाच्या तोंडून घ्या लागते. सांग."

"कौसल्याबाई," ती म्हणाली.

"पुरं."

"कौसल्याबाई सुदाम मेश्राम."

"मोठ्यानं."

तिनं मोठ्यानं सांगितलं. मी बटन दाबलं. फू, फू केलं नाही. आणि मग पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की मेलेल्यांसाठी माझ्याकडे वाक्यं तयार आहेत. जिवंत माणसासाठी एक बी नाही. गल्ली जागी होत होती. न्हावी दुकानाची फळी काढत होता, तो फळी हातात घेऊन थांबला.

"ऐका," मी म्हटलं. "काल या भोंग्यावरून जे सांगितलं, ते खोटं होतं. मी सुदाम मेश्राम सांगतो. माझा भोंगा खोटा पडला. मी खोटा पडलो. श्रीमती कौसल्याबाई सुदाम मेश्राम जिवंत आहेत. त्या राहत्या घरीच राहतील. कुठंही निघणार नाहीत."

कोणी हसलं नाही. बाया दारात आल्या, ऑटोत वाकून बघू लागल्या. एकीनं कौसल्याचा हात धरला, दुसरीनं गालाला हात लावला, म्हणाली, "आहे वं बाई, आहे." न्हाव्यानं फळी खाली ठेवून तिला हात केला. मी गल्ली-गल्ली फिरलो, दर वळणावर म्हणालो, मी खोटा पडलो. पहिल्यांदा जीभ जड झाली होती, नंतर होईना. आरशात बघत होतो. तिनं पदर सावरला. तिनं कोणाला तरी मान हलवली. ओठांवर जरा रंग आला होता, का तो उजेड होता, सांगता येत नाही.

विहाराच्या कोपऱ्यावर मी दम घ्यायला बटन सोडलं.

आणि शेजारच्या नारा वस्तीच्या बाजूनं, घरांच्या पलीकडून, बारीक, वाऱ्यावर येतो तसा भोंग्याचा आवाज आला. शब्द स्वच्छ, कुठं फुटत नव्हता. आडनावापाशी जरा थांबला. मग पुढं... "राहत्या घरून निघेल."

मी आरशात बघितलं. ती सरळ बसली होती.

"तुम्हाले बी आयकू येऊन राहिलं ना?"

"हाव."

"मंग गाडी तिकडंच घ्या," कौसल्या म्हणाली. "अन् बोलत राहा. थांबू नका."

मी ऑटो नाऱ्याकडे वळवला आणि बटन दाबलं.